आकाशातली घड्याळे आणि जमिनीवरची जागा

आजचा विषय वरवर विज्ञानाचा आहे, पण मी तत्त्वज्ञानाचा माणूस. त्यामुळे प्रश्न साधाच विचारतो. ‘मी इथे आहे’ असे आपण म्हणतो, तेव्हा ‘इथे’ म्हणजे नेमके कुठे? आणि खिशातल्या मोबाइलला ते कसे कळते?

आपल्याच भागातले पत्ते बघा. उल्हासनगरात पत्ता सांगतात तो कॅम्प नंबर आणि बॅरक नंबर. फाळणीनंतर सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबे कल्याणजवळच्या लष्करी छावणीत राहिली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. पुढे बराकी गेल्या, इमारती आल्या, तरी नंबर टिकले. अंबरनाथ-बदलापुरात पहिला प्रश्न असतो, ‘पूर्व की पश्चिम?’ रेल्वेचे आणखी वेगळे. तिच्या लेखी अंबरनाथ म्हणजे मुंबईपासून सुमारे ६० किलोमीटर, बदलापूर सुमारे ६८. रूळ ही एक रेघ असल्यामुळे तिथे एकच आकडा पुरतो. पण रुळावरून खाली उतरलात की एका आकड्याने भागत नाही.

या तिन्ही पत्त्यांत एक गोष्ट समान आहे. जागा कधी एकटी सांगता येत नाही, ती दुसऱ्या कशाच्या तरी संदर्भाने सांगावी लागते. लायब्निट्स न्यूटनच्या विरोधात हेच म्हणत होता, की अवकाश म्हणजे वस्तूंमधले संबंध. तेव्हा इतिहासाचा प्रश्न असा होतो, की माणसाने संदर्भासाठी काय काय धरले?

१८०२ साली विल्यम लॅम्बटनने मद्रासला साखळीने एक पायारेषा मोजली. एक बाजू मोजायची, दोन टोकांवरून तिसऱ्या खुणेचे कोन घ्यायचे, की उरलेला त्रिकोण गणिताने निघतो. मग त्या त्रिकोणाच्या बाजूवर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा. अशा त्रिकोणांच्या साखळीने पुढे सगळा देश बांधला गेला. लॅम्बटन हे काम करता करताच १८२३ साली वारला, तो आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला. त्याची कबर तिथेच आहे.

दुसरी साखळी महसुलाची. १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यातून मोजणी-आकारणीची नवी पद्धत सुरू केली. ३३ फुटांची साखळी, ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद म्हणजे एक गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एकर. सात-बारावरचे क्षेत्र आजही याच घराण्यातले आहे.

आता आकाशाकडे येऊ. ४ ऑक्टोबर १९५७ ला रशियाने स्पुटनिक सोडला. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत गायर आणि वायफेनबाख हे दोन भौतिकशास्त्रज्ञ त्याचा ‘बीप-बीप’ ऐकत होते. इंजिन शिट्टी वाजवत जवळ आले की सूर चढा लागतो, पुढे गेले की उतरतो, तसेच इथे होत होते. त्या फरकावरून त्यांनी उपग्रहाची कक्षा काढली. पुढच्या वर्षी त्यांचा वरिष्ठ मॅक्लूर याने प्रश्न उलटा केला. आपली जागा माहीत असताना उपग्रहाची कळते, तर उपग्रहाची माहीत असताना आपली का कळू नये? यातून पाणबुड्यांसाठी ‘ट्रान्झिट’ ही यंत्रणा आली. पुढे जीपीएस आले आणि त्याचा पहिला उपग्रह १९७८ साली गेला.

इथे एक गैरसमज दूर करू. जीपीएसचा उपग्रह आपल्याला बघत नाही. तो आकाशवाणीच्या केंद्रासारखा आहे. तो बोलतो, आपला रेडिओ ऐकतो. तो एवढेच सांगत असतो, ‘मी अमुक ठिकाणी आहे आणि माझ्या घड्याळात अमुक वाजले आहेत.’ हा संदेश सुमारे २०,००० किलोमीटरवरून प्रकाशाच्या वेगाने येतो, म्हणजे सेकंदाच्या साधारण पंधराव्या हिश्शात. किती उशिरा पोचला, त्यावरून अंतर निघते. लॅम्बटनने कोन मोजले, इथे वेळ मोजतात.

अंतरावरून जागा कशी निघते? समजा कुणी फोनवर सांगितले, ‘मी उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन स्टेशनांपासून इतक्या-इतक्या अंतरावर आहे.’ तुम्ही नकाशावर तीन वर्तुळे काढाल. पण ही स्टेशने जवळजवळ एका रेघेत आहेत. त्यामुळे वर्तुळे दोन ठिकाणी छेदतील, एक मलंगगडाच्या बाजूला, दुसरे बारवी धरणाच्या बाजूला. म्हणजे तीन अंतरे मिळूनही ‘पूर्व की पश्चिम’ हा प्रश्न तसाच राहतो! म्हणून संदर्भ चहूबाजूंना पसरलेले हवेत. दाट इमारतींच्या गल्लीत मोबाइल गडबडतो, त्याचे एक कारण हेच. तिथून आकाशाची पट्टीच दिसते, आणि भिंतींवर आपटून आलेले संदेश त्यात भर घालतात.

आणखी एक अडचण. प्रकाश एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जातो. म्हणजे घड्याळ सेकंदाचा दहा लाखावा भाग चुकले, की ३०० मीटर चुकले. उपग्रहात अणुघड्याळ असते, पण मोबाइलमध्ये स्वस्त स्फटिकाचे. मग? उत्तर सुंदर आहे. मोबाइलच्या घड्याळाची चूक सगळ्या उपग्रहांसाठी सारखीच असते. तेव्हा तिलाच चौथे अज्ञात मानायचे. अवकाशातले तीन आकडे आणि एक वेळ, अशी चार अज्ञाते. म्हणून किमान चार उपग्रह. ‘कुठे’ कळायला आधी ‘केव्हा’ कळावे लागते. आपले वैशेषिक दिक् आणि काल ही दोन वेगळी द्रव्ये मानत. इथे एक सोडवल्याशिवाय दुसरे सुटत नाही. आइन्स्टाइनही लागतोच. उपग्रहातले घड्याळ जमिनीवरच्यापेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जाते. ते दुरुस्त केले नाही, तर दिवसाला अकरा-एक किलोमीटरची चूक साचेल.

मग ज्याच्या हाती घड्याळ, त्याच्या हाती जागा. अमेरिका नागरी संदेशात मुद्दाम चूक मिसळत असे. ते मे २००० मध्ये थांबले. थांबवणारा पुन्हा सुरू करू शकतो, ही शंका प्रत्येक देशाला होतीच. भारताने २००६ साली स्वतःची यंत्रणा मंजूर केली, १ जुलै २०१३ ला पहिला उपग्रह गेला, आणि पुढे तिला ‘नाविक’ हे नाव मिळाले. तिथेही घोडे अडले घड्याळापाशीच. आयात केलेली काही अणुघड्याळे बंद पडली. २९ मे २०२३ ला गेलेल्या एनव्हीएस-०१ मध्ये प्रथमच देशी अणुघड्याळ बसवले. जानेवारी २०२५ मधला पुढचा उपग्रह मात्र ठरलेल्या कक्षेत पोचू शकला नाही.

हे सगळे आपल्या दारात कसे येते, ते सांगतो. बदलापूर-अंबरनाथकडे प्लॉट दाखवताना मोबाइलवरची खूण दाखवतात, ‘हा बघा, इथपर्यंत आपला.’ उघड्या मैदानातही मोबाइल पाचेक मीटर इकडे-तिकडे होतो. गुंठ्याची बाजू दहा मीटर! म्हणजे अर्धी बाजू हवेतच. भूमी अभिलेखचा मोजणीदार रोव्हर आणतो, ती गोष्ट निराळी. ज्याची जागा पक्की ठाऊक आहे असे एक केंद्र सतत संदेशातली चूक मोजून रोव्हरला कळवते, आणि मग मोजमाप काही सेंटिमीटरांवर येते. हद्दीचा वाद असेल, तर अधिकृत मोजणी मागा. मोबाइलवरून भाऊबंदकी करू नका.

आणि शेवटचे. नैयायिकांच्या भाषेत मोबाइलवरचा निळा ठिपका हे प्रत्यक्ष नव्हे, ते अनुमान आहे. हेतू चांगला असेल तर अनुमान खरे ठरते, पण त्याची मर्यादा ओळखली पाहिजे. रोव्हर कितीही अचूक असला, तरी तो ‘कुठे’ एवढेच सांगतो. ‘कोणाचे’ हे कागद, कायदा आणि माणसांची आठवण सांगते. १९४९ साली बराकीत उतरलेल्या माणसाला अक्षांश-रेखांश नको होते, त्याला ‘ही जागा तुझी’ असे कुणीतरी म्हणायला हवे होते. ते काम आकाशातले घड्याळ करत नाही, ते आपल्यालाच करावे लागते.

आता प्रश्न घेऊ.