वॉशिंग्टनची कवळी

थोर पुरुषांची चरित्रे लिहिणारे त्यांच्या तलवारीची लांबी सांगतात, घोड्याचा रंग सांगतात, प्रसंगी जन्मकुंडलीही छापतात. दातांचा उल्लेख मात्र सहसा करीत नाहीत. दात हा विषय आपल्याकडेही विनोदाच्या खात्यावर जमा झालेला आहे. दात आहेत तर चणे नाहीत, ही म्हण आपण हसत हसत म्हणतो. पण ज्याचे दात गेले त्याच्या कानांना ती कशी लागत असेल ह्याचा विचार करीत नाही. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा पहिला अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन ह्याच्या बाबतीत मात्र हा विषय टाळून चालण्यासारखे नाही. कारण त्याच्या घट्ट मिटलेल्या तोंडात पुढील पिढ्यांनी निग्रह, गांभीर्य, मितभाषण असे कितीतरी गुण वाचले आहेत.

वॉशिंग्टनचा जन्म १७३२ सालचा. वयाच्या चोविसाव्या वर्षी एक दात उपटविल्याबद्दल त्याने वैद्याला पैसे दिल्याची नोंद आहे. त्यानंतर हा सिलसिला थांबला नाही. त्याच्या कागदपत्रांत दातदुखी आणि सुजलेल्या हिरड्या वारंवार डोकावतात. ३० एप्रिल १७८९ रोजी न्यूयॉर्क येथे त्याने अध्यक्षपदाची शपथ घेतली, तेव्हा त्याच्या तोंडात स्वतःचा असा एकच दात शिल्लक होता.

त्या एका दाताला सांभाळून न्यूयॉर्कच्या जॉन ग्रीनवुड ह्या दंतवैद्याने त्याला कवळी करून दिली. पाणघोड्याच्या दाताचा तुकडा कोरून ती घडविलेली होती, आणि उरलेला दात वर यावा म्हणून तिला एक भोक ठेवलेले होते. पुढे १७९६ साली तोही दात गेला. तो ग्रीनवुडने स्वतःजवळ आठवण म्हणून जपून ठेवला. वॉशिंग्टनच्या मौंट व्हर्नन येथील वाड्यात आज जी पुरी कवळी पाहावयास मिळते, तिची बैठक शिशाची आहे आणि तीत माणसांचे व जनावरांचे दात बसविलेले आहेत. वरची व खालची कवळी मागील बाजूस पोलादी स्प्रिंगांनी जोडलेली आहे.

ह्या स्प्रिंगांचे काम नीट समजून घेतले पाहिजे. आजची कवळी टाळूला चिकटून राहते ती लाळेच्या पातळ थरामुळे आणि हिरड्यांच्या बिनचूक ठशामुळे. असा ठसा त्या काळी कोणाला घेता येत नसे. म्हणून स्प्रिंगा दोन्ही भागांना सतत एकमेकांपासून दूर ढकलीत आणि त्या दाबाने वरची कवळी जागेवर राही. परिणाम असा की, तोंड मिटलेले ठेवावयाचे तर जबडा अखंड आवळून धरावा लागे. आणि बोलताना तोंड जरा अधिक उघडले तर सारे बाहेर पडण्याची धास्ती. आज ज्यांना नवी कवळी बसते त्यांनाही आरंभी काही दिवस परकेपणा वाटतो. तोंडाला सारखे पाणी सुटते, ‘स’ आणि ‘श’ ह्यांची शीळ होते, हिरडीला कोठे तरी काचते, भाकरीचा तुकडा एका बाजूने चावू गेल्यास दुसरी बाजू उचलते. पण दंतवैद्य काचणारी जागा घासून देतो, जीभ आणि गाल कवळी धरून ठेवण्याची विद्या हळूहळू शिकतात, आणि काही आठवड्यांत माणूस ती विसरून जातो. ही विसरण्याची सोय वॉशिंग्टनला कधीच लाभली नाही. त्याचे शिकणे मरेपर्यंत संपले नाही.

ग्रीनवुडशी झालेला त्याचा पत्रव्यवहार ह्या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. कवळी दुरुस्तीसाठी न्यूयॉर्कला जावी, परत यावी, पुन्हा जावी. ओठ सुजल्यासारखे पुढे येतात, पट्ट्या फार रुंद झाल्या आहेत, तेवढे कमी करा, अशी विनवणी एका राष्ट्राचा सेनापती करीत असतो. अंगरखा बगलेत तंग झाला म्हणून शिंप्याकडे तक्रार करावी तशी. १७९८ साली ग्रीनवुडने उलट कळविले की, पाठविलेली कवळी फार काळी पडली आहे. हा पोर्ट मद्याचा परिणाम असावा, तरी जेवणानंतर ती काढून पाण्यात ठेवावी.

हे सारे गुप्त राखण्याची वॉशिंग्टनची धडपड मोठी होती. १७८१ च्या मे महिन्यात त्याने फिलाडेल्फियाच्या एका दंतवैद्याकडे दात साफ करण्याची उपकरणे मागविली. आपण तिकडे लवकर येऊ असे दिसत नाही, असेही लिहिले. हे पत्र इंग्रजांच्या हाती पडले आणि सेनापती क्लिंटनच्या दप्तरात जाऊन राहिले. ह्या पत्रामुळे इंग्रज फसले आणि यॉर्कटाऊनला हरले, असे सुचविणारेही लेखक आहेत. मला ते ओढूनताणून आणलेले वाटते. यॉर्कटाऊनला शरण आलेला कॉर्नवॉलिस पुढे गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानात आला आणि १७९२ साली टिपूविरुद्ध श्रीरंगपट्टणाला हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन ह्यांच्या फौजांच्या सोबतीने लढला, एवढाच आपला त्या प्रकरणाशी संबंध. असो.

दोनच वर्षांनी, १५ मार्च १७८३ रोजी, न्यूबर्ग येथे पगार थकल्यामुळे बंडाच्या वाटेवर असलेल्या अधिकाऱ्यांपुढे वॉशिंग्टन उभा राहिला. एक पत्र वाचावयाचे होते. त्याने खिशातून चष्मा काढला आणि देशसेवेत आपली दृष्टीही मंदावली, अशा अर्थाचे दोन शब्द बोलला. अधिकाऱ्यांचे डोळे भरून आले आणि बंड तेथेच विरले. चष्मा त्याने असा भर सभेत दाखविला. दात कोणालाही दाखविले नाहीत. ह्यात मला मनुष्यस्वभावाचे मर्म दिसते. मंद दृष्टीला वाचनाची आणि श्रमांची प्रतिष्ठा आहे. बोळक्या तोंडाला कोठलीच नाही.

१७९३ सालचे त्याचे दुसरे शपथविधीचे भाषण अवघ्या १३५ शब्दांचे आहे; इतके त्रोटक भाषण त्यानंतर कोणाही अध्यक्षाने त्या प्रसंगी केलेले नाही. त्याचे सारे श्रेय कवळीला देणे अन्यायाचे होईल, कारण तरुणपणीही तो वाचाळ नव्हता. पण स्प्रिंगा दाबून धरलेल्या माणसाला मौन सोयीचे होते हेही नाकारता येत नाही. गिल्बर्ट स्टुअर्टने १७९६ साली काढलेल्या चित्रात ओठांभोवतीचा तो फुगीर ताण स्पष्ट दिसतो. तोच चेहरा आज एक डॉलरच्या नोटेवर आहे.

त्याची कवळी लाकडाची होती अशी दंतकथा (हा शब्द येथे दोन्ही अर्थांनी खरा) अमेरिकेत पिढ्यान् पिढ्या मुलांना सांगण्यात आली. त्याची लाकडी कवळी कधी कोणी पाहिलेली नाही. डाग पडलेल्या, बारीक चिरा गेलेल्या हस्तिदंतामुळे हा समज झाला असावा. पण ही कथा इतकी टिकली ह्याला दुसरेही कारण असावे, असे मला वाटते. लाकूड झाडापासून येते. कोणाच्या तोंडातून यावे लागत नाही.

मौंट व्हर्ननच्या हिशेबवहीत मे १७८४ मध्ये एक नोंद आहे: ल मेयर ह्या फ्रेंच दंतवैद्याच्या खात्यावर, नऊ दातांबद्दल निग्रोंना दिले, ६ पौंड २ शिलिंग. एका दाताला सुमारे साडेतेरा शिलिंग पडले. हाच दंतवैद्य वृत्तपत्रांत जाहिरात देऊन पुढच्या एका दातास दोन गिनी, म्हणजे बेचाळीस शिलिंग, देऊ करीत असे. ते नऊ दात वॉशिंग्टनच्या तोंडात बसले की आणखी कोणाच्या, हे वही सांगत नाही. पैसे दिले म्हणून विक्री राजीखुशीची झाली, असे म्हणणाऱ्यांनी मालकाच्या घरी ‘नाही’ म्हणण्याची किंमत काय होती तेही सांगावे.

त्या नोंदीत वैद्याचे नाव आहे, दातांची संख्या आहे, रक्कम आहे. विकणाऱ्यांची नावे नाहीत. १७९९ च्या उन्हाळ्यात, मृत्यूपूर्वी काही महिने, वॉशिंग्टनने मौंट व्हर्ननवरील ३१७ गुलामांची यादी स्वतःच्या हाताने तयार केली. तीत नावे आहेत, कामे आहेत, कोणाचा नवरा वा बायको कोठे आहे तेही आहे. पंधरा वर्षांपूर्वी दात देणाऱ्यांपैकी जे मौंट व्हर्ननचे होते आणि तेव्हा हयात होते, ते ह्या यादीत कोठे तरी असले पाहिजेत.