फिट्स, चप्पल आणि गोळी

फिट आली की आजही कुणी कांदा फोडतो, कुणी चप्पल हुंगवतो. त्याने फिट थांबत नाही. ती बहुधा काही मिनिटांत आपोआपच थांबते.

१९१२ मध्ये जर्मनीत डॉ. आल्फ्रेड हाऊप्टमान यांनी अपस्माराच्या रुग्णांना शांत झोप लागावी म्हणून फिनोबार्बिटोन दिले. झाले असे, की त्यांच्या फिट्सच कमी झाल्या! ही स्वस्त गोळी आजही वापरात आहे. नियमित औषधाने सुमारे ७० टक्के रुग्णांच्या फिट्स थांबू शकतात.

१९९९ मध्ये हिंदू विवाह कायद्यातून अपस्माराची आडकाठीही काढली गेली. तेव्हा लग्न ठरले म्हणून आजार लपवू नका आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नका. अचानक गोळी सोडली, तर जोराच्या फिट्स येऊ शकतात.