टिळकांच्या घरातील वारसा

श्रद्धा ही घरातल्या दागिन्यांप्रमाणे पुढच्या पिढीच्या हाती आपोआप जाते, असे आपण गृहीत धरतो. टिळक घराण्याचा इतिहास निराळे सांगतो. १८९५ साली नारायण वामन टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला आणि त्यांचा संसार दुभंगला. लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूसह नातलगांकडे राहिल्या. पुढे त्या पतीकडे नगरला आल्या, तरी त्यांचे सोवळे सुटले नव्हते. टिळकांनी सक्ती केली नाही. जातिभेद देवाने निर्माण केलेला नाही, हे बाईंना स्वतःच्या विचारानेच उमगले. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

१९१९ मध्ये टिळक वारले, तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' अपुरे होते. ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. 'स्मृतिचित्रे' लिहिली गेली ती पुत्र देवदत्त यांच्या आग्रहाने. नातू अशोक यांनी ती पुढे साक्षेपाने संपादिली.

हे कुटुंब प्रॉटेस्टंट पंथाचे. तरी त्यांचा धडा आपणा कॅथलिकांनाही लागू आहे. सायंकाळी मुलांना रोझरीला बसविणे आपल्याला जमते. त्यांच्या शंका न रागावता ऐकून घेणे आणि उत्तर त्यांचे त्यांना सापडेपर्यंत थांबणे, हे मात्र आपण अजून शिकायचे आहे.