न दिलेल्या आदेशांचा अभ्यास

ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस चीनमधल्या मोठ्या व्हिडिओ संकेतस्थळांवरून अभिनेत्री झाओ वेई दिसेनाशी झाली. तिच्या मालिका शोधून सापडेनात, आणि जिथे सापडल्या तिथे श्रेयनामावलीतून तिचे नाव गेलेले होते. दोन दशके घराघरांत ओळखीचा असलेला हा चेहरा का पुसला गेला, याचे कारण सरकारने सांगितले नाही. मग ज्याने त्याने ते शोधले. कुणी तिच्या गुंतवणुकींकडे बोट दाखवले, कुणी उद्योगपती जॅक मा यांच्याशी असलेल्या संबंधांकडे, तर कुणी वीस वर्षांपूर्वी तिने घातलेल्या जपानी युद्धध्वजाच्या नक्षीच्या पोशाखाकडे. एक कारण जाहीर झाले असते, तर बाकीच्या कलावंतांनी तेवढे एकच टाळले असते. ते न सांगितल्यामुळे सगळीच टाळणे शहाणपणाचे ठरले.

चिनी राज्यसत्तेचा सार्वजनिक व्यक्ती, माध्यमे आणि ऑनलाइन बोलणे यांवरचा प्रभाव अभ्यासायला येणाऱ्या प्रत्येकाचे मनापासून स्वागत करतो, आणि त्याने सुरुवात इथून करावी असे सुचवतो. आपण बहुधा बंदी घातलेली पुस्तके, अडवलेली संकेतस्थळे आणि तुरुंगात टाकलेले लेखक यांची यादी मनात घेऊन येतो. ती यादी खरी आहे. पण शंभर कोटींहून अधिक लोक इंटरनेट वापरतात अशा देशात नुसत्या बंदीने एवढी शांतता राखता येत नाही. नियम मोघम ठेवायचा, शिक्षा मधूनच आणि अनपेक्षित ठिकाणी करायची, आणि मर्यादा कुठे आहे ते ज्याचे त्याला ताडू द्यायचे, यात या व्यवस्थेचे बळ आहे. फौजदारी कायद्यातले २९३ वे कलम भांडण उकरून काढणे आणि गोंधळ माजवणे हा गुन्हा मानते. त्यात रस्त्यावरची मारामारी बसते आणि ऑनलाइन लिहिलेले एखादे वाक्यही बसते. अमेरिकी अभ्यासक पेरी लिंक यांनी २००२ मध्ये झुंबरात वेटोळे घालून बसलेल्या अजगराची उपमा दिली. तो सहसा हलत नाही, पण खाली बसलेला प्रत्येक जण बेताने हालचाल करतो. या विषयाचा गाभा त्या उपमेत आहे.

व्यवस्थेचा सांगाडा मात्र लपलेला नाही. कम्युनिस्ट पक्षाचा केंद्रीय प्रचार विभाग वरती, आणि त्याच्या शाखा प्रांतापासून जिल्ह्यापर्यंत. २०१४ मध्ये इंटरनेटचा कारभार पाहणारे स्वतंत्र प्रशासन उभे राहिले, आणि २०१८ पासून चित्रपटांचे नियमन थेट प्रचार विभागाकडे गेले. फेब्रुवारी २०१६ मध्ये शी जिनपिंग यांनी शिन्हुआ वृत्तसंस्था, 'पीपल्स डेली' आणि सरकारी दूरचित्रवाणी सीसीटीव्ही यांना एकाच दिवशी भेट दिली आणि पक्ष व सरकारच्या माध्यमांनी पक्षाचेच आडनाव लावले पाहिजे, असे बजावले.

संपादकांना जाणाऱ्या सूचनांपैकी अनेक बाहेर फुटतात. 'चायना डिजिटल टाइम्स'ने अशा सूचनांचा मोठा साठा जमवला आहे. नवागताने तो सावकाश वाचावा. त्यात 'छापू नका' असते, पण त्याच्याबरोबर 'शिन्हुआचाच मजकूर घ्या', 'पहिल्या पानावर नको', 'वाचकांचे अभिप्राय बंद ठेवा' असे बारीक हुकूमही भरपूर दिसतात. बातमी दिली जाते, पण तिचा आवाज उतरवून. संपादकही नेहमीच मुकाट राहिलेले नाहीत. जानेवारी २०१३ मध्ये ग्वांगझोउच्या 'सदर्न वीकली'चा राज्यघटनेच्या राज्याची आस धरणारा नववर्षाचा लेख प्रांताच्या प्रचार अधिकाऱ्यांनी बदलला, तेव्हा पत्रकारांनी उघड निषेध केला आणि वाचक फुले घेऊन कार्यालयाच्या दाराशी जमले.

ऑनलाइन बोलण्याच्या अभ्यासाला नवे वळण दिले ते गॅरी किंग, जेनिफर पॅन आणि मार्गारेट रॉबर्ट्स या तिघांनी. त्यांनी चिनी संकेतस्थळांवरचा मजकूर पुसला जाण्याआधी गोळा केला आणि नंतर काय उरले ते पाहिले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा, की सरकारवरची टीका, अगदी कडवट टीकाही, बरेचदा टिकते. लोकांना एकत्र रस्त्यावर आणू शकेल असा मजकूर पुसला जातो, मग तो सरकारच्या बाजूचा का असेना. पुढे त्यांनी चीनमध्ये स्वतःचे एक छोटे संकेतस्थळच उभारले. त्यासाठीचे सॉफ्टवेअर विकत घेतले आणि मजकूर गाळायची सोय कशी वापरायची, हे त्या कंपनीच्या ग्राहकसेवेलाच विचारले. गाळणीची बटणे त्यांना अशी आतून पाहायला मिळाली. संशोधकाची कल्पकता काय करू शकते, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

जिआंग्शी प्रांतातील गांझोउ शहराच्या झांगगोंग भागातल्या इंटरनेट प्रचार कार्यालयाचे ईमेल फुटले, तेव्हा आणखी एक समजूत मोडली. सरकारसाठी लिहिणारे लोक विरोधकांशी हुज्जत घालणारे भाडोत्री असतात, असे मानले जात होते. ईमेलमध्ये दिसले ते बहुतांशी सरकारी कर्मचारी, आणि त्यांच्या नोंदी वाद घालणाऱ्या नव्हत्याच. हुतात्म्यांना वंदन, प्रगतीचे कौतुक, सणाच्या शुभेच्छा असा तो मजकूर होता, आणि तो विशिष्ट प्रसंगी एकदम ओतला जात होता. देशभरात अशा नोंदी वर्षाला ४४ कोटी ८० लाख असाव्यात, असा या तिघांचा २०१७ मधला अंदाज आहे. रॉबर्ट्स यांनी पुढच्या वर्षी आपल्या पुस्तकात तीन साधने मांडली: भीती, अडथळा आणि पूर. भीती थोड्यांसाठी असते, बाकीच्यांना अडथळा आणि मजकुराचा पूर पुरतो.

भीती जवळून कशी दिसते, हे एका कागदावरून कळते. वुहानचे नेत्रतज्ज्ञ डॉ. ली वेनलियांग यांनी ३० डिसेंबर २०१९ रोजी वैद्यकीय महाविद्यालयातल्या जुन्या सोबत्यांना नव्या आजाराबद्दल सावध केले. ३ जानेवारीला पोलिसांनी त्यांना बोलावून समजपत्रावर सही घेतली. त्या कागदावर छापील प्रश्न आहेत आणि डॉक्टरांच्या हातची उत्तरे आहेत: 'जमेल', 'समजले'. शेजारी अंगठ्याचे लाल ठसे. ७ फेब्रुवारीला ते त्याच आजाराने गेले. लाखो लोक त्यांच्या शेवटच्या नोंदीखाली येऊन लिहू लागले. मार्चमध्ये समजपत्र रद्द झाले आणि एप्रिलमध्ये त्यांना हुतात्मा घोषित करण्यात आले. ज्याला गप्प केले, त्याचाच गौरव सत्तेने आपल्या हाती घेतला.

त्याच मार्चमध्ये वुहानच्या डॉ. आय फेन यांची मुलाखत 'रेनवू' मासिकात आली आणि काही तासांत नाहीशी झाली. वाचकांनी ती उलट्या क्रमाने लिहिली, इमोजींमध्ये लिहिली, मोर्स कोडमध्ये आणि हाडांवर कोरल्या जाणाऱ्या प्राचीन लिपीतही लिहिली, कारण यंत्राला ते वाचता येत नव्हते. चिनी समाज आज्ञाधारक आहे, असे सरसकट म्हणणाऱ्याने या मुलाखतीचे अवतार एकदा तरी पाहावेत.

हा प्रभाव सीमेपाशी थांबत नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये ह्यूस्टनच्या बास्केटबॉल संघाचे व्यवस्थापक डॅरिल मोरी यांनी हाँगकाँगच्या आंदोलकांना पाठिंबा देणारे एक ट्वीट केले. सीसीटीव्हीने एनबीएचे सामने दाखवणे बंद केले, ते जवळपास वर्षभर. बाजार गमावण्याच्या धास्तीने बोलणे आवरण्याची सवय अशी परदेशी खेळाडूंना, नटांना आणि कंपन्यांना लागते. टेनिसपटू पेंग श्वाय यांनी नोव्हेंबर २०२१ मध्ये माजी उपपंतप्रधान झांग गाओली यांच्यावर आरोप करणारी नोंद लिहिली आणि ती थोड्याच वेळात पुसली गेली. पुढे त्यांनी गैरसमज झाल्याचे सांगितले. त्या सांगण्यात त्यांची इच्छा किती होती, हे बाहेरून ठरवता येत नाही. अशा ठिकाणी अभ्यासकाने निर्णयाची घाई करू नये.

आपल्यासाठी हा विषय दूरचा नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये चीनने गलवानमध्ये आपले चार सैनिक मेल्याचे सांगितले. त्या आकड्यावर शंका घेणाऱ्या, सुमारे २५ लाख अनुयायी असलेल्या एका माजी पत्रकाराला नानजिंगच्या न्यायालयाने हुतात्म्यांच्या अवमानाबद्दल आठ महिन्यांची कैद दिली. ऑक्टोबर २०२० मध्ये दिल्लीतल्या चिनी दूतावासाने तैवानला 'देश' म्हणू नये असे भारतीय पत्रकारांना पत्राने सुचवले. आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आहेतच. १९४२ मध्ये चीनमध्ये निधन पावलेल्या या डॉक्टरांची आठवण तिथे आजही जपली जाते आणि भारतात येणारे चिनी नेते त्यांच्या कुटुंबीयांना भेटत आले आहेत. कोटणीसांचे काम शंभर नंबरी होते, आणि त्यांच्या स्मृतीचा राजनैतिक उपयोगही झाला. दोन्ही गोष्टी एकत्र धरून ठेवता येणे ही या अभ्यासाची पहिली कसोटी आहे.

नव्या अभ्यासकाला तीन गोष्टी आवर्जून सांगतो. चिनी भाषा शिका, कारण अनुवादापर्यंत पोहोचणारा मजकूर आधीच निवडलेला असतो. जे महत्त्वाचे वाटेल ते त्याच दिवशी जतन करा, कारण उद्या ते तिथे असेल याची खात्री नाही. आणि माणसांबद्दल आदर ठेवा. सूचना पाळणारा संपादक, नोंद पुसणारा पंचविशीतला कर्मचारी, माफी मागणारी अभिनेत्री हे सगळे पगार, कुटुंब आणि जोखीम यांचा हिशेब करून जगत असतात. त्यांना भेकड ठरवणे सोपे आहे, पण त्यातून काही कळत नाही. सीमेवरच्या तणावाने मन तापलेले असताना तर हे विशेष लक्षात ठेवायला हवे. चिनी राज्यसत्तेची चिकित्सा म्हणजे चिनी माणसांचा द्वेष नव्हे. तिची सर्वांत नेमकी चिकित्सा चिनी पत्रकारांनी आणि वाचकांनीच, मोठी किंमत मोजून, केली आहे.

मराठीत या विषयावर फार थोडे लिहिले गेले आहे. मूळ चिनी साधनांवर उभी असलेली मराठी टिपणे, चरित्रे, दैनिकांचे तौलनिक वाचन हे सारे करायचे राहिले आहे. न दिलेला आदेश माणसे कशी ओळखतात आणि तो कधी मोडतात, हे समजून घेण्याची शिस्त एकदा अंगी आली, की ती कोणत्याही देशातल्या सत्तेकडे पाहताना उपयोगी पडते, आपल्याही. कामाला माणसे हवी आहेत. या.