बरासी रेषेची अलीकडली आणि पलीकडली बाजू

१८७७ साली मेलबर्नचा कार्लटन क्लब सिडनीला जाऊन तिथल्या वाराटा क्लबशी दोन सामने खेळला. एक रग्बीच्या नियमांनी, दुसरा व्हिक्टोरियाच्या. रग्बीत वाराटा जिंकला, दुसऱ्यात कार्लटन. निकाल बरोबरीचा झाला आणि दोन्ही शहरं आपापल्या खेळाला चिकटून राहिली.

ऑस्ट्रेलियात आजही चार फुटबॉल नांदतात: ऑस्ट्रेलियन रूल्स, रग्बी लीग, रग्बी युनियन आणि आपल्या ओळखीचा सॉकर. कुठला कुठे लोकप्रिय, याचं उत्तर खेळाच्या गुणांपेक्षा इतिहासात जास्त सापडतं.

मेलबर्नचा खेळ, म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स, निघाला क्रिकेटच्या पोटातून. इंग्लंडच्या रग्बी शाळेत शिकलेल्या टॉम विल्सने जुलै १८५८ मध्ये एका क्रीडा साप्ताहिकाला पत्र लिहिलं. हिवाळ्यात क्रिकेटपटूंची अंगं जड होऊ नयेत म्हणून फुटबॉल क्लब काढावा, ही त्यातली एक सूचना. मे १८५९ मध्ये त्याने आणि मेलबर्न क्लबातल्या सोबत्यांनी दहा नियम लिहून काढले. लंडनच्या फुटबॉल असोसिएशनची स्थापना व्हायला तेव्हा चार वर्षं होती! सुरुवातीचे सामने क्रिकेट मैदानाशेजारच्या माळावर झाले, भोवती झाडं उभी असताना; मैदानाची हिरवळ बुटांखाली द्यायला क्रिकेटवाले राजी नव्हते. सोन्याच्या खाणींनी शहराला पैसा दिला होता, पाथरवटांनी १८५६ मध्येच आठ तासांचा कामाचा दिवस मिळवला होता. पुढे शनिवारची दुपार मोकळी मिळू लागली तसा खेळाला प्रेक्षकही मिळाला.

सिडनीत रग्बी विद्यापीठातून आणि बड्या शाळांतून रुजलं होतं. तिथल्यांना शेजारच्या व्हिक्टोरिया वसाहतीचं नाव लावलेला खेळ घेणं जड गेलं, हे समजण्यासारखं आहे.

मग रग्बीच्याच घरात भांडण लागलं. युनियनमध्ये खेळण्याचे पैसे घेणं निषिद्ध. ॲलेक बर्डन या खेळाडूला दुखापत झाली, तरी संघटनेने भरपाई दिली नाही. मैदानं भरत होती, गल्ला जमत होता आणि मजुरी बुडवून खेळणाऱ्याच्या पदरात काही पडत नव्हतं. ऑगस्ट १९०७ मध्ये असंतुष्टांनी रग्बी लीगची संघटना काढली. तिचा खजिनदार होता व्हिक्टर ट्रम्पर, तोच विख्यात फलंदाज. डॅली मेसेंजर हा लोकांचा लाडका खेळाडू तिकडे गेला आणि गर्दीही त्याच्यामागून गेली. पहिल्या महायुद्धात युनियनने स्पर्धा थांबवल्या, लीगने चालू ठेवल्या. तेवढ्या काळात सिडनीच्या कामगार वस्त्या लीगच्या झाल्या त्या कायमच्याच.

एका बाजूला मेलबर्नचं रूल्स, दुसऱ्या बाजूला सिडनीचं रग्बी: इयान टर्नर या इतिहासकाराने १९७८ मध्ये या विभागणीला बरासी रेषा असं नाव दिलं, रॉन बरासी या खेळाडू-प्रशिक्षकावरून. याच बरासीच्या कार्लटनने रूल्सच्या १९७०च्या अंतिम सामन्यात मध्यंतराला ४४ गुणांनी मागे असताना कॉलिंगवूडला हरवलं होतं. मेलबर्नच्या क्रिकेट मैदानात त्या दिवशी १,२१,६९६ प्रेक्षक होते.

रेषा ओलांडायला पुढे पैसा कामी आला. कर्जात बुडालेला रूल्सचा साउथ मेलबर्न क्लब १९८२ मध्ये सिडनीला हलवला गेला. उलट्या दिशेने लीगने १९९८ मध्ये मेलबर्न स्टॉर्म हा संघ उतरवला आणि दुसऱ्याच वर्षी तो विजेता ठरला. तरी मेलबर्नकर रूल्सचे ते रूल्सचेच राहिले.

सॉकरला मात्र रेषेच्या दोन्ही बाजूंना हक्काचं घर नव्हतं. दुसऱ्या महायुद्धानंतर आलेल्या ग्रीक, इटालियन आणि क्रोएशियन लोकांनी क्लब काढले आणि 'परक्यांचा खेळ' हा शिक्का बसला. तो पुसट व्हायला वेळ लागला. नोव्हेंबर २००५ मध्ये जॉन अलोईसीच्या पेनल्टीने उरुग्वेला हरवून ऑस्ट्रेलियाचा संघ विश्वचषकाला गेला. २०२३ मध्ये महिला संघाचा इंग्लंडविरुद्धचा उपांत्य सामना सरासरी ७० लाखांहून अधिक लोकांनी दूरचित्रवाणीवर पाहिला. क्लबांच्या सामन्यांना त्या गर्दीतला थोडाच वाटा मिळतो, हेही खरं.

त्याच वर्षी सप्टेंबरअखेर ब्रिस्बेनची दुहेरी पंचाईत झाली. लीगच्या बाजूचं हे शहर, पण रूल्स आणि लीग या दोन्ही खेळांच्या अंतिम फेरीत त्याचे संघ होते. शनिवारी मेलबर्नमध्ये रूल्सचा संघ कॉलिंगवूडकडून ४ गुणांनी हरला. रविवारी सिडनीत लीगचा ब्रॉन्कोज २४-८ असा पुढे असूनही पेनरिथकडून २ गुणांनी हरला.