हिट व्यायाम आणि स्नायूंचा थकवा

जवळपास पूर्ण जोर लावून काही सेकंद किंवा मिनिटे व्यायाम करायचा, मग विश्रांती घ्यायची किंवा हलकी हालचाल करायची, अशी आवर्तने असलेल्या व्यायामपद्धतीला हिट म्हणतात. स्नायूंचा थकवा म्हणजे व्यायामामुळे स्नायूची बल निर्माण करण्याची क्षमता तात्पुरती घटणे. हिट व्यायामात हा थकवा झपाट्याने येतो. मात्र पुरेशी विश्रांती मिळाल्यास त्याच ताणातून स्नायूंची थकवा सोसण्याची शक्ती वाढते.

प्रकार : इझुमी ताबाता यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जपानमधील अभ्यासात २० सेकंद तीव्र सायकलिंग व १० सेकंद विश्रांती अशी ७-८ आवर्तने होती. नॉर्वेतील पद्धतीत हृदयगती कमाल गतीच्या ९०-९५ टक्क्यांवर नेणारी ४ मिनिटांची चार आवर्तने असतात. विंगेट पद्धतीत ३० सेकंद जीव तोडून सायकल चालवल्यावर सुमारे ४ मिनिटे विश्रांती दिली जाते. विश्रांती जितकी अपुरी, तितका थकवा पुढच्या आवर्तनात साचत जातो.

थकव्याची कारणे : तीव्र व्यायामाच्या पहिल्या काही सेकंदांत स्नायूंना थेट ऊर्जा देणाऱ्या एटीपी या रेणूची भरपाई मुख्यतः क्रिएटिन फॉस्फेटमधून होते. सायकलवरील ३० सेकंदांच्या पूर्ण जोराच्या व्यायामानंतर हा साठा मूळच्या सुमारे एक-पंचमांशावर येतो. दीड मिनिटात तो सुमारे ६५ टक्क्यांपर्यंत भरतो, पण ६ मिनिटांनंतरही पूर्ववत होत नाही. क्रिएटिन फॉस्फेटच्या विघटनातून मोकळे होणारे फॉस्फेट स्नायुतंतूंचे बल घटवते आणि आकुंचनासाठी लागणाऱ्या कॅल्शियमच्या स्रवणातही अडथळा आणते. पोटॅशियम तंतूंबाहेर साचल्याने विद्युत संदेशांचे वहन मंदावते. पूर्वी थकव्याचा सगळा दोष लॅक्टिक आम्लाला दिला जाई. आम्लता वाढल्याने स्नायूत जळजळ जाणवते हे खरे. परंतु शरीराच्या तापमानाला बल घटण्यात तिचा वाटा पूर्वी मानला जाई त्यापेक्षा कमी असतो, आणि लॅक्टेट (लॅक्टिक आम्लाचे शरीरातील रूप) हृदयाला व इतर स्नायूंना इंधन म्हणून उपयोगी पडते. याखेरीज मेंदू व मज्जारज्जूकडून स्नायूंना मिळणारी चालनाही क्षीण होते. याला केंद्रीय थकवा म्हणतात.

व्यायामानंतरचा थकवा : दम लवकर ओसरतो, पण स्नायूंचे बल पूर्ववत व्हायला एक दिवसाहून अधिक काळ लागू शकतो. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, हौसेने व्यायाम करणाऱ्या पुरुषांनी ३० सेकंदांची सहा आवर्तने केल्यावर त्यांच्या स्नायूंतील कॅल्शियम सोडणाऱ्या रायनोडीन ग्राहींचे तुकडे झालेले २४ तासांनंतर आढळले. सहनशक्तीच्या खेळांतील अव्वल खेळाडूंत हा बदल दिसला नाही. उड्या किंवा उतारावरील धावणे यांसारख्या, स्नायू ताणला जात असताना जोर लावाव्या लागणाऱ्या हालचालींनंतर अंगदुखी २४ ते ७२ तासांत सर्वाधिक जाणवते.

अनुकूलन : नियमित सरावाने पेशींत ऊर्जा तयार करणारी मायटोकाँड्रिया वाढतात, आम्लता शोषून घेण्याची क्षमता सुधारते आणि सोडियम-पोटॅशियम पंपांची व लॅक्टेट वाहून नेणाऱ्या प्रथिनांची संख्या वाढते. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या २००५ मधील छोट्या अभ्यासात, दोन आठवड्यांत केलेल्या सहा विंगेट सत्रांनंतर ठरावीक तीव्रतेने सायकल चालवत थकून थांबेपर्यंतचा सरासरी वेळ २६ मिनिटांवरून ५१ मिनिटांवर गेला. ताबाता यांच्या गटात सहा आठवड्यांत ऑक्सिजनविना ऊर्जा निर्माण करण्याची क्षमता २८ टक्क्यांनी वाढली. मध्यम गतीने तासभर सायकल चालवणाऱ्या गटात ती वाढली नाही.

अतिरेक व दक्षता : स्वीडनमधील २०२१ च्या एका अभ्यासात हिटचा भार दर आठवड्याला वाढवत नेला असता, सर्वाधिक भाराच्या आठवड्यानंतर मायटोकाँड्रियाचे कार्य मंदावले व रक्तातील साखरेचे नियमनही बिघडले. भार कमी केल्यावर सुधारणा दिसली. म्हणून आठवड्यात दोन-तीन सत्रे, त्यांत साधारण ४८ तासांचे अंतर, पुरेशी झोप, कर्बोदके व प्रथिने आवश्यक ठरतात. सवय नसताना एकदम अतितीव्र व्यायाम केल्यास स्नायूंचे गंभीर विघटन होऊन मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. असह्य दुखणे, सूज किंवा गडद चहासारखी लघवी दिसल्यास तातडीने उपचार घ्यावे लागतात. हृदयविकार किंवा अनियंत्रित रक्तदाब असलेल्यांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय हा व्यायाम सुरू करू नये.