वसतिगृहांतील दूरध्वनी सेवा

शिक्षणासाठी घर सोडून महाविद्यालयाच्या किंवा विद्यापीठाच्या वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्यांना घराशी व बाहेरच्या जगाशी बोलण्यासाठी वेळोवेळी उपलब्ध झालेल्या सोयी. ही सेवा केवळ तंत्रावर अवलंबून नव्हती. वसतिगृहातील यंत्र कोणाच्या ताब्यात आहे, संभाषणाचा दर काय आहे आणि गावाकडच्या टोकाला यंत्र आहे की नाही, यांवरही ती अवलंबून होती. सोलापूर जिल्ह्यातील सांगोल्यासारख्या अवर्षणप्रवण तालुक्यांतून कोल्हापूर, सोलापूर व पुणे येथे शिकण्यास जाणाऱ्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत या तिन्ही गोष्टींचा प्रभाव विशेष दिसून येतो.

पूर्वपीठिका : मुंबईत १८८२ मध्ये दूरध्वनी केंद्र सुरू झाले, तथापि पुढे कित्येक दशके ही सेवा सरकारी कार्यालये, व्यापारी पेढ्या व सधन कुटुंबे यांच्यापुरतीच मर्यादित होती. १९४८ मध्ये संपूर्ण भारतात सु. ८०,००० जोडण्या होत्या. महाराष्ट्रातील वसतिगृहांची चळवळ मात्र त्यापूर्वीच रुजली होती. कोल्हापुरात शाहू छत्रपतींच्या प्रेरणेने १९०१ मध्ये मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह निघाले व पुढे अन्य जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांसाठीही वसतिगृहे निघाली. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये छत्रपती शाहू बोर्डिंग हाउसची स्थापना केली. ग्रामीण मुले प्रथमच मोठ्या संख्येने घरापासून दूर राहू लागली, ती अशा वसतिगृहांमुळे. त्यांचा घराशी संबंध राही तो पोस्टकार्ड, मनीऑर्डर आणि गावाकडून येणाऱ्या माणसाबरोबरचा निरोप यांच्याद्वारे. तार आली म्हणजे दुःखद वार्ता, असे समीकरणच रूढ होते.

ट्रंक कॉलचा काळ : स्वातंत्र्योत्तर काळात वसतिगृहांत दूरध्वनी आला, तो प्रायः रेक्टरच्या कार्यालयात. परगावी बोलण्यासाठी केंद्रातील कर्मचाऱ्याकडे मागणी नोंदवून वाट पाहावी लागे. साधा, तातडीचा व अतितातडीचा असे कॉलचे वर्ग असून तातडीच्या कॉलला दुप्पट आकार पडे. आकारणी तीन मिनिटांच्या एककाने होत असल्याने संभाषण आवश्यक मजकुरापुरतेच राही. विशिष्ट व्यक्तीला बोलावून देण्यासाठी ‘पी. पी.’ कॉलची सोय होती. पुढे शेजाऱ्याच्या अथवा दुकानदाराच्या दूरध्वनी क्रमांकापुढेही ‘पी. पी.’ ही अक्षरे लिहिण्याचा प्रघात पडला. कार्यालयातील यंत्राच्या तबकडीला छोटे कुलूप लावून ते येणाऱ्या कॉलपुरते खुले ठेवणे, ही अनेक ठिकाणची रीत होती. आलेला निरोप फलकावर लिहिला जाई किंवा शिपाई मजल्याखाली उभा राहून हाक देई. विद्यार्थ्याचे खासगी बोलणे अशा रीतीने कार्यालयासमोर होत असे.

एसटीडी केंद्रे : ग्राहकाला स्वतः परगावचा क्रमांक फिरविण्याची, म्हणजे एसटीडीची, सोय भारतात १९६० मध्ये लखनौ-कानपूर मार्गावर प्रथम झाली. तिचा खरा प्रसार १९८० नंतर झाला. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या संस्थेने धूळ, उष्णता व अनियमित वीजपुरवठा यांना तोंड देणारी लहान ग्रामीण स्वयंचलित केंद्रे विकसित केली. १९८६ मध्ये कर्नाटकातील कित्तूर येथे असे पहिले केंद्र कार्यान्वित झाले. याच सुमारास पिवळ्या पाटीची खासगी सार्वजनिक दूरध्वनी केंद्रे गावोगाव निघाली आणि वसतिगृहांच्या परिसरात त्यांची दाटी झाली. काचेची खोली, सेकंद मोजणारे यंत्र आणि छापील पावती यांमुळे विद्यार्थी रेक्टरच्या मध्यस्थीतून प्रथमच मुक्त झाला.

रात्री एसटीडीचे दर टप्प्याटप्प्याने उतरत आणि अकरानंतर ते दिवसाच्या एक-चतुर्थांशावर येत. त्यामुळे उशिरा रात्री केंद्रांपुढे रांगा लागत. मात्र या सवलतीचा लाभ मुलांइतका मुलींना मिळाला नाही. मुलींच्या वसतिगृहांचे दरवाजे सायंकाळनंतर बंद होत. म्हणजे दर उतरण्याच्या वेळी त्या आत असत. त्यांना दिवसाचा महाग दर किंवा कार्यालयातील दूरध्वनी हेच पर्याय उरत. काही वसतिगृहांनी आवारात नाण्यावर चालणारे यंत्र बसवून ही उणीव अंशतः भरून काढली.

गावाकडचे टोक : १९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले. २००४ मध्ये सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ होईपर्यंत सोलापूर जिल्हा शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेत होता. उच्च शिक्षणासाठी सांगोल्याहून कोल्हापूरला जाणे त्यामुळे स्वाभाविक होते. जिल्ह्याचे ठाणे सोलापूरदेखील सु. ८० किमी. अंतरावर असल्याने तेथे शिकणाऱ्यालाही बहुधा वसतिगृहाचाच आश्रय घ्यावा लागे. सांगोला तालुक्याचा संकेतांक ०२१८७, तर सोलापूरचा ०२१७. म्हणजे जिल्ह्यातल्या जिल्ह्यात बोलतानाही एसटीडीचा आकार पडे. २००० नंतर काही वर्षे शून्याऐवजी ९५ हे अंक लावून जवळच्या अंतरावर स्वस्तात बोलण्याची सोय होती.

तथापि मुख्य अडचण दराची नव्हती. माणदेशातील लोकवस्ती वाड्यावस्त्यांवर विखुरलेली असल्याने प्रत्येक घरापर्यंत तार नेणे खर्चाचे होते. १९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणाने १९९७ पर्यंत सर्व खेड्यांत दूरध्वनी पोहोचविण्याचे उद्दिष्ट ठेवले, परंतु ते मुदतीत साध्य झाले नाही. रेडिओ लहरींवर चालणारी अनेक ग्रामीण यंत्रे वारंवार नादुरुस्त राहत. शहरातील विद्यार्थ्याला वसतिगृहाखालीच केंद्र उपलब्ध असे. त्याच्या आईवडिलांना मात्र वस्तीवरून गावात येऊन दुकानात थांबावे लागे. त्यासाठी वार व वेळ आधी पत्राने कळविली जाई. दूरध्वनीने पत्राची जागा लगेच घेतली नाही. काही काळ तो पत्राच्या आधारानेच चालला.

परदेशांतील पद्धती : अमेरिकेतील विद्यापीठांच्या वसतिगृहांतही प्रथम मार्गिकेतील सामायिक नाण्याचे यंत्रच असे. पुढे खोलीखोलीत जोडणी आली. १९८४ मध्ये एटी अँड टी या कंपनीचे विभाजन झाल्यावर दूर अंतराच्या सेवेत स्पर्धा वाढली. अनेक विद्यापीठे घाऊक दराने ही सेवा घेऊन प्रत्येक विद्यार्थ्याला वैयक्तिक संकेतांक देत व त्याप्रमाणे देयक आकारीत. भ्रमणध्वनी आल्यावर ही व्यवस्था मागे पडली. महाराष्ट्रातील बहुसंख्य वसतिगृहांत खोलीतील जोडणीचा हा मधला टप्पा आलाच नाही. ती सामायिक यंत्रावरून थेट भ्रमणध्वनीवर आली.

भ्रमणध्वनी : भारतात ही सेवा १९९५ मध्ये सुरू झाली. आरंभी दर मिनिटाला सु. १६ रुपयांपर्यंत असून येणाऱ्या कॉललाही पैसे पडत. मे २००३ पासून येणारे कॉल निःशुल्क झाले आणि विद्यार्थ्यांच्या दृष्टीने हा निर्णायक बदल ठरला. एकदा घंटी वाजवून तोडण्याच्या ‘मिस्ड कॉल’ने मुलाने बोलावणे पाठवायचे व घरच्यांनी खर्च उचलायचा, अशी विभागणी रूढ झाली. वस्तीवर तार न पोहोचता दूरध्वनी पोहोचला. २०१६ नंतर स्वस्त झालेल्या आंतरजालामुळे तोच संच अभ्यासाचे साधन बनला. मार्च २०२० मध्ये कोविडच्या साथीमुळे वसतिगृहे रिकामी झाली, तेव्हा गावी परतलेल्या विद्यार्थ्याचे शिक्षण त्याच्या संचावर व तेथील लहरींच्या उपलब्धतेवर अवलंबून राहिले.

नियमन व सद्यःस्थिती : यंत्र विद्यार्थ्याच्या हाती गेल्यावर संस्थांनी वापराच्या वेळांवर निर्बंध घातले. केरळमधील एका महाविद्यालयाच्या मुलींच्या वसतिगृहात सायंकाळी ६ ते रात्री १० या वेळात संच जमा करण्याचा नियम होता. तो न पाळल्याने काढून टाकलेल्या विद्यार्थिनीच्या याचिकेवर केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये निर्णय दिला. आंतरजालाचा वापर हा शिक्षणाच्या व खासगीपणाच्या हक्काचा भाग होय, असे मानून न्यायालयाने तिला पुन्हा प्रवेश देण्याचा आदेश दिला. पूर्वी सवलतीच्या दरापासून मुलींना दूर ठेवणारी सायंकाळची मर्यादा येथे वेगळ्या रूपाने न्यायालयापुढे आली होती.

सामायिक यंत्र व एसटीडी केंद्रे आता जवळजवळ नाहीशी झाली आहेत. सेवेची जबाबदारी संस्थेकडून पूर्णपणे कुटुंबाकडे गेली आहे. २०१८ च्या अखेरीस काही खासगी कंपन्यांनी येणारे कॉल चालू राहण्यासाठीही किमान पुनर्भरणाची अट घातली. परिणामी निःशुल्क येणाऱ्या कॉलचा आधारही सशर्त झाला. रेक्टरच्या कार्यालयातील यंत्रावर विद्यार्थ्याला मोकळेपणाने बोलता येत नसे. मात्र हाती पैसा नसतानाही घरचा निरोप त्याच्यापर्यंत पोहोचत असे. आज खासगीपणा लाभला आहे, परंतु पुनर्भरण संपलेल्या विद्यार्थ्यासाठी असा पर्याय बहुतेक वसतिगृहांत उरलेला नाही.